लाल दोरा बांधलेली रोपं

समुद्र पाहून आलो म्हणून गावात जो भेटतो तो विचारतो, कसा असतो? आमच्याकडच्या फार थोड्या लोकांनी तो पाहिला आहे, म्हणून लिहायला बसलो. पण खरं आधी सांगून टाकतो. मी समुद्र पाहायला गेलो नव्हतो. मी पोरीला घरी आणायला गेलो होतो.

आमचं गाव मूर्तिजापूरपासून आत, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात. जमीन काळी, कापसाला आणि हरभऱ्याला चांगली, पण विहिरीचं पाणी खारं. त्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. नळ येईपर्यंत माझ्या बायकोनं, म्हणजे वनिताच्या मायनं, अर्ध्या कोसावरून गोडं पाणी डोक्यावर आणलं. उन्हाळ्यात तेही आटलं की मग सगळे खारंच प्यायचो. तिच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा अकोल्याला मशीनवर नेत होतो. डॉक्टर म्हणाला, तुमच्या पट्ट्यातून असे पेशंट लय येतात. त्यानं ते असं सांगितलं जसं आपण पावसाचं सांगतो. मागच्या साली दसऱ्यानंतर ती गेली. कौंडण्यपूरला वर्धेत तिच्या अस्थी सोडल्या.

वनिता आमची एकच लेक. डॉक्टर आहे, पण सुई टोचणारी नाही, अभ्यासाची. खाऱ्या पाण्याचाच अभ्यास घेतला आणि आमच्या विहिरीपासून निघून थेट समुद्रापर्यंत पोचली. लग्न केलं नाही. त्यावरून जेवढं भांडायचं तेवढं भांडून झालं. चांगली नोकरी होती, ती सोडली आणि कोकणात एका खाडीकाठी स्वतःची संस्था काढायला जाऊन बसली. माय गेली तेव्हा तिकडे वादळ होतं, रस्त्यावर झाडं पडली होती, गाड्या बंद होत्या. राख सावडल्यावर तिसऱ्या दिवशी ती दारात आली. मी तिच्याशी बोललो नाही.

तेरवीच्या दिवशी तीच बोलली. "बाबा, मले एक वर्ष द्या. तठच्या गावानं जागेचा ठराव केला तर संस्था उभी राह्यते. नाई केला तर सारं सोडून घरी येतो मी. तुमच्यापाशी."

वर्ष झालं. त्या गावाची ग्रामसभा रविवारी होती. मी बुधवारी निघालो. गावाचं नाव इथं लिहीत नाही, वनितानं लिहू नका म्हटलं. गाडीत बसलो तेव्हा माझ्या मनात एकच गोष्ट होती, त्या गावानं नाही म्हणावं.

गुरुवार

दोन गाड्या बदलल्या. त्यात सांगण्यासारखं काही नाही. शेंगदाणे खाल्ले आणि झोपलो. जाग आली तेव्हा बाहेरची माती लाल होती. आपल्या काळ्या मातीची सवय असलेल्या माणसाला ती जमीन सोललेल्या गुडघ्यासारखी दिसते. शेतं म्हणजे आपल्या खळ्याएवढी. एवढ्याशा शेतात बैल वळवत कसे असतील, हाच विचार करत स्टेशनावर उतरलो.

वनिता स्कूटर घेऊन आली होती. उन्हानं काळी पडली होती, हाडं वर आली होती.

"काहून बाबा, इतके वाळले?"

"तू कोणती लठ्ठ झाली? आरशात पाह्यलं काय कधी?"

"अठी आरसा नाई," म्हणाली आणि हसली. तिचं हसणं मायसारखं आहे. मी दुसरीकडे पाहिलं.

संस्था म्हणजे एक बंद पडलेली शाळा. तीन खोल्या. एका खोलीत चिखलाच्या बरण्या, एका खोलीत कागद, तिसऱ्या खोलीत ती. आणखी दोघं जण होते, ते कागदाच्या कामानं जिल्ह्याच्या गावी गेलेले. "किनारा पुनर्स्थापना आणि वादळ संरक्षण संशोधन संस्था" असं नाव ठेवणार म्हणाली. मी म्हटलं, एवढं नाव उच्चारेपर्यंत वादळ येऊन जाईल.

जेवायला भात. सकाळी भात, रात्री भात, आणि मधे भूक लागली तर तांदळाचीच भाकरी. ती पांढरी, मऊ, चवीला मेणासारखी. आपल्या ज्वारीच्या भाकरीला दात लावावा लागतो, तेव्हा जेवल्यासारखं वाटतं. मासे ताटात आले. मी मटण खातो, पण माशाचा काटा घशात बसला आणि सगळं गाव आठवलं. शेजारची बाई धावत आली, भाताचा कोरडा गोळा गिळायला लावला. मग वाटीत काहीतरी गुलाबी आलं.

"हे दूध नासलं."

"सोलकढी आहे बाबा. प्या."

प्यालो. वाईट नव्हती. तिच्या मायला आवडली नसती. तिला नारळ फक्त फोडायचा माहीत होता.

संध्याकाळी समुद्रावर नेलं. आता विचारता म्हणून सांगतो. आपण हरभऱ्याच्या शेतात उभे राहिलो की चारी बाजूंनी सपाट दिसतं ना, तसंच ते, फक्त हलतं. आणि आवाज थांबत नाही. पाण्यात पाय घातला. ओंजळ भरून तोंडाशी नेली. आमच्या विहिरीपेक्षा खारं, पण चव ओळखीची. मला वाटलं, अस्थी वर्धेत सोडल्या, नद्या समुद्राला मिळतात, म्हणजे ती इथवर आली असेल. मी हात जोडले.

वनितानं विचारलं, "काय करून राह्यले बाबा?"

मी सांगितलं. ती हळू म्हणाली, "बाबा, वर्धेचं पाणी इकडं नाई येत. ते गोदावरीत जाते अन् तिकडच्या समुद्रात. देशाच्या दुसऱ्या बाजूले. आपली पूर्णा येते या बाजूनं, तापीतून."

मी हात खाली घेतले. शाळा शिकलेल्या माणसानं प्रत्येक वेळी खरंच सांगितलं पाहिजे असं नाही. पण ती तशीच आहे. मायपण तशीच होती.

परत येताना मी विचारलं, "नोकरीत काय वाईट होतं तुले?"

"नोकरीत साहेब म्हणे तेवढंच मोजा लागे. अन् समुद्राले भिंत बांधणाऱ्याचे पैसे घेतले का भिंतच चांगली म्हणा लागते. मले दोन्ही नाई पाह्यजे. वादळ आलं तं या गावाले कोण वाचवते, भिंत, का झाडं, का दोन्ही, हे कोणाले न भेता सांगणारं कोणी पाह्यजे का नाई?"

"पाह्यजे. पण तूच काहून?"

ती चपलेतली वाळू झटकायला वाकली. मी म्हटलं, "नाई म्हणू दे गावाले. चाल घरी." तेही तिनं ऐकून घेतलं.

शुक्रवार

सकाळी तात्या आला. माझ्याच वयाचा, उघडा, कमरेला पंचा, कानावर बिडी. ज्या जमिनीवर वनिताचा सगळा खेळ होता ती या तात्याची.

"खयसून इलात?" त्यानं विचारलं. कुठून आलात, असं.

"अकोल्याकडून."

"थय समुद्र नाय मा?"

"नाई. पण पाणी खारं आहे."

त्याला ते पटेना. समुद्र नाही आणि पाणी खारं? मी सांगितलं, डाळ शिजत नाही. मग पटलं. वादळात समुद्राचं पाणी आत आलं तेव्हा त्याच्याही विहिरीत तसंच झालं होतं. त्यानं बिडी काढून अर्धी मला दिली. आम्ही दोघं बांधावर बसलो. दोघांच्याही बायका मेलेल्या, हे एकमेकांना सांगायला फार वेळ लागला नाही.

त्यांच्याकडे खाडीलगत शेताला मातीचा मोठा बांध घालतात, आपल्या शेताच्या कडेला असतो त्या धुऱ्यासारखा नाही, माणसाच्या उंचीचा. आत भात, बाहेर खाडी. वनिताची माय गेली त्याच्याही आदल्या सालच्या वादळानं तात्याचा बांध फुटला आणि शेतात भरतीचं पाणी यायला लागलं. गावाचं म्हणणं, दगडाची भिंत मागा. वनिता म्हणाली, दोन वर्षं एक शेत तसंच राहू द्या, पाणी येऊ-जाऊ द्या, काय होतं ते मोजते. ती कांदळाची झाडं असतात खारट चिखलात उभी राहणारी, ती लाटेचा जोर मोडतात. गावात भीती अशी की एकदा ती झाडं आली की शेत परत मिळणार नाही. तरी तात्यानं दोन वर्षं दिली. रविवारी सकाळी लोक ते शेत पाहणार, आणि दुपारी सभा. शेतात उपयोग झालेला दिसला तर ठराव. नाही तर नाही.

"दोन वरसां मी गप रवलंय," तात्या वनिताकडे बोट करून मला म्हणाला. "लोक हसले माका. आता तुमचा ह्या चेडू काय दाखवता, बघूया." चेडू म्हणजे पोरगी.

तेव्हा भरती होती. बांधावरून फक्त पाणी दिसत होतं आणि दोन सरळ ओळींत रोपांचे शेंडे वर आलेले. वनितानं बरंच समजावून सांगितलं, काय लावलं, कशासाठी लावलं. मी अर्धं ऐकलं. जे होऊ नये असं वाटतं ते कोणी नीट ऐकत नाही.

त्या संध्याकाळी ती ताटावर बसल्या बसल्या झोपली. घास हातात. मी तिच्या हातातला घास काढून ताटात ठेवला, तरी उठली नाही.

शनिवार

सकाळी उठलो तेव्हा ती अजून झोपलेली. चहा करावा म्हटलं तर साखर सापडेना. बाहेर आलो. पाणी ओसरलं होतं आणि तात्याचं सगळं शेत उघडं पडलं होतं.

शेत वाईट दिसत होतं. दोन ओळी ठीक, पण ओळींच्या मधे, कडेला, बांधाच्या पोटाला, जिथं पाहावं तिथं गवत आणि बारकी बारकी रोपं, वेडीवाकडी, कुठंही उगवलेली. आमच्याकडे साधा हिशोब असतो. तासात, म्हणजे पेरलेल्या ओळीत, असेल ते पीक. तासाच्या बाहेर असेल ते तण. आणि उद्या माणसं शेत पाहायला येणार असतील तर आदल्या दिवशी ते निंदून, तण काढून ठेवतात. वनिताच्या मायनं तर सोयरे येणार म्हटल्यावर तापात निंदलं होतं.

खाली उतरलो. चिखल पोटरीएवढा. जवळून पाहिलं तर त्या बाहेरच्या रोपांना लाल दोरा बांधलेला. एकेकाला, नीट गाठ मारून.

इथं मला सांगावं लागेल की आमच्याकडे बियाण्याचे प्लॉट घेतात. त्यात एका जातीचं एकच झाड पाहिजे, भेसळ चालत नाही. बियाणेवाल्यांचा माणूस येतो, शेत फिरतो आणि भेसळीच्या झाडाला लाल दोरा बांधून जातो. दुसऱ्या दिवशी सकाळी मजूर येतात आणि दोरा दिसेल ते झाड मुळासकट उपटतात. विचारायचं नाही. दोरा म्हणजे उपट. मी आणि वनिताच्या मायनं कितीतरी हंगाम हे काम केलं. ती एका तासाला, मी दुसऱ्या. ती नेहमी पुढे जायची आणि वळून म्हणायची, "हात आहेत का पाय?"

मला वाटलं पोरीनं खुणा करून ठेवल्या आहेत आणि उपटायला सवड मिळाली नाही. काल तर जेवताना झोपली.

मी लागलो कामाला. वर्षभरात पहिल्यांदा हाताला काम गोड लागलं. चिखल मऊ होता, मूळ न तुटता येत होतं. ओळीतल्या एका रोपालाही धक्का लागू दिला नाही. एकही दोरा सोडला नाही. उन्हं वर आली तोवर दोन टोपल्या भरल्या, त्या बांधावर ठेवल्या आणि हाक मारली, "वने! पाह्य आता कसं दिसते!"

ती केस बांधत आली. बांधावर चढली. शेताकडे पाहिलं, टोपल्यांकडे पाहिलं. मग जिथं उभी होती तिथंच खाली बसली.

"बाबा, हे दोरे मी बांधले होते."

"म्हणून तं काढले."

"हे आपसूक आलेले होते बाबा. कोणी न लावता. पाण्यासंगं आलेले. तेच तं मोजून राह्यली होती मी दोन वर्षं."

मी म्हटलं, "अन् ओळीतले?"

"ते मी नर्सरीतून आणून लावले. फरक पाहाले. उद्या लोकाईले हे दाखवाचे होते, ते नाई."

मी टोपलीतलं एक रोप हातात घेतलं. दोऱ्याच्या गाठीत बारीक पत्र्याची चकती होती, नंबर टोचलेली. चिखलानं भरली होती, म्हणून दिसली नव्हती. का दिसली होती आणि मी पाहिली नाही, ते आता सांगता येत नाही.

"परत लावू. मी लावतो. सारे लावतो."

"लावलेलं अन् आलेलं एक नाई होत बाबा." ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "तुमी मुद्दाम केलं काय?"

मी नाही म्हटलं. मोठ्यानं म्हटलं. पण दोनच दिवसांपूर्वी मीच तिला सांगितलं होतं, नाही म्हणू दे गावाला. त्यानंतर माझं नाही कोण खरं मानेल?

दिवसभर ती टोपल्यांपाशी बसून एकेक रोप पट्टीनं मोजत होती आणि वहीत लिहीत होती. मी पाणी नेऊन दिलं. घेतलं. मी भाकरी करायला बसलो. तांदळाच्या पिठाची भाकरी माझ्यानं जमेना, तुटली. तुटलेलीच नेली. तीही खाल्ली. रोपांवर तिनं ओलं पोतं टाकून ठेवलं, मेलेल्या माणसावर टाकतात तसं.

रविवार

सकाळी लोक शेत पाहायला आले. वीसेक बायामाणसं बांधावर उभी राहिली, दोन ओळी पाहिल्या. त्यातली अर्धी रोपं सुकलेलीच होती, हे मला तेव्हाच नीट दिसलं. तात्या सगळ्यात शेवटपर्यंत उभा होता. मग माझ्याकडे न पाहता गेला.

दुपारी देवळाच्या मंडपात सभा. आमच्याकडे ग्रामसभेत अर्धे लोक सही करून निघून जातात. इथं सगळे बसून होते आणि बायका पुढे. सरपंचबाईनं विषय वाचला. जुनी शाळा आणि खाडीकाठचा पट्टा संस्थेला द्यावा किंवा कसे.

तात्या उठला. "दोन वरसांमागे ह्या चेडवान माका सांगितल्यान, काय लावू नको, बांध जोडू नको, झाडां आपसूक येतली. मी गप रवलंय. आज बघूक गेलंय. खय आसत झाडां?"

वनिता उभी राहिली. "झाडं आली होती तात्या. काल सकाळपर्यंत होती."

"मगे गेली खय?"

वनितानं वही मिटली.

मागून एक चष्मेवाला म्हणाला, "गेली समुद्रात! अहो, आम्ही पहिल्यापासून सांगतोय, भिंत मागा." लोक हसले.

सरपंचबाईनं समजुतीनं विचारलं, "मॅडम, काय झालं ते सांगा ना. उपटली कोणी? गावातल्या कोणी केलं असेल तर नाव घ्या."

वनिता म्हणाली, "गावातल्या कोणी नाही केलं. मला त्यावर काही सांगायचं नाही." आणि खाली बसली. बोटं वहीवर घट्ट. दोन वर्षांचं काम हातातून जाऊन राहिलं होतं आणि ती बापाचं नाव घेत नव्हती.

मला फक्त गप्प बसायचं होतं. आणखी पाच मिनिटं. हात वर झाले असते, नाही झालं असतं, आणि मंगळवारी आम्ही दोघं मूर्तिजापूरला उतरलो असतो. मी तिच्याकडे पाहत होतो. तिच्या मानेवर चिखलाचा एक वाळलेला ठिपका होता.

मी उठलो. उठताना गुडघ्यानं त्रास दिला, शेजारच्या माणसाच्या खांद्याला धरलं.

"मी उपटले," म्हटलं.

लोकांना वाटलं म्हातारा काहीतरी चेष्टा करतो. मी परत म्हटलं. "मी हिचा बाप. काल सकाळी मी उपटले. आमच्याकडं लाल दोरा बांधलेलं झाड उपटाचं असते, म्हणून उपटले. तुमाले मराठी समजते ना माही? नाई समजली तं विचारा."

कोणी हसलं नाही.

"हिले वाटते मी मुद्दाम केलं. मुद्दाम नाई केलं. पण तुमी नाई म्हणावं असं माह्या मनात होतं, हेही खरं आहे. माही बायको मेली. घरात मी एकटा आहो. ही आली असती घरी. म्हणून."

वनिता म्हणाली, "बाबा, बसा खाली." मी बसलो नाही. बांधावर पोत्याखालच्या टोपल्या होत्या, त्या आणायला सांगितल्या. चष्मेवाला म्हणाला, "ही कशावरून आपसूक आलेली? नर्सरीतली आणून टाकली असतील."

हे मला येत होतं. एवढंच मला येत होतं.

"पिशवीतल्या रोपाचं मूळ पिशवीत गोल फिरते," मी म्हटलं. "आमच्याकडं संत्र्याची कलमं लावतात. दोन वर्षांनी उपटून पाहा, तरी तळाशी मूळ गुंडाळलेलं दिसते. त्याले लपवता येत नाई. हे पाहा." एक रोप काढून तात्याच्या हातात दिलं. "सरळ खाली गेलं. याले कोणी पिशवीत ठेवलं नाई. हे जठी पडलं तठीच उगवलं. आता ओळीतलं एक आणा उपटून, ते कसं आहे ते पाहा."

एक जण खरंच जाऊन उपटून घेऊन आला. मूळ सुतळीच्या गुंडीसारखं गोल. दोन्ही रोपं हातोहात फिरली. बायकांनी चिखल खरवडून पाहिला. तात्यानं आपलं रोप नाकाशी नेलं, एक मूळ नखानं सोललं, आतला रंग पाहिला. टोपलीतली बाकीची एकेक उचलून पाहिली. सरपंचबाई वाट पाहत राहिली.

"किती होती ही?" त्यानं वनिताला विचारलं.

तिनं आकडा सांगितला. तात्यानं मान हलवली.

"इली होती," तो सभेकडे वळून म्हणाला. आली होती. "माझ्या मळ्यात न लावता इली होती. ह्या खोटा नाय." मग माझ्याकडे पाहिलं. "आजून दोन वरसां देतंय मी. पण ह्या पावण्याक बांधार पाय ठेवूक देव नको!"

आता हसले सगळे. मीही हसलो असेन. चष्मेवाला शेवटपर्यंत भिंतीचंच बोलत राहिला, आणि त्याचंही अगदी चूक आहे असं वनिता म्हणत नाही. पण हात वर गेले. मी मोजले नाहीत. सरपंचबाईनं मोजले आणि ठराव लिहून घेतला. शाळा आणि पट्टा संस्थेकडे, दोन वर्षं, मोजणी पहिल्यापासून.

सभा सुटल्यावर शेजारच्या बाईनं सगळ्यांना गूळ वाटला. वनिता गर्दीतून माझ्याकडे आली. माझा हात धरला, तो चिखलाचा होता, आणि देवळाच्या मागे पायरीवर नेऊन बसवलं.

"गप बसले असते तं मी आली असती तुमच्यासंगं."

"मालूम होतं मले."

"मंग?"

तिची माय असती तर तिनंच मला कोपरानं ढोसून उठवलं असतं, एवढं मनात आलं. पण ते पोरीला सांगता आलं नाही.

"तुमीच राहून जा ना बाबा अठी."

"अन् हरभरा कोण सोंगन? जमीन काय पिशवीत घालून आणू?"

"बटाईनं द्या."

"तुह्या मायनं खुरपलेली जमीन आहे. मी आहो तोवर नाई देत."

ती म्हणाली, "मी पण तेच तं म्हणून राह्यली." मग दोघं बसून राहिलो. गुळाचा खडा तिच्या हातात तसाच होता.

सोमवार

स्टेशनावर तात्या आला होता. एका पिशवीत सुके मासे, एका पिशवीत कोकमं. माशाचा काटा माझ्या घशात बसला होता हे त्याला माहीत होतं, तरी दिले. वनिता गाडी येईपर्यंत माझ्या शर्टाची गुंडी लावत राहिली, जी लागत नव्हती. मी तिला म्हटलं, जेवत जाजो. ती म्हणाली, तुमीपण. गाडी दोनच मिनिटं थांबते तिथं. तिच्या तोंडातून काहीतरी निघालं, ते भोंग्यात गेलं. दोन वर्षांनी मी किती वर्षांचा होईन ते दोघांनाही ठाऊक होतं, म्हणून त्याविषयी कोणी काही बोललं नाही.

मंगळवारी मूर्तिजापूरला उतरलो तेव्हा हवेत सोयाबीनच्या भुशाचा वास होता. ऑटोत गावातलीच एक बाई भेटली.

"पोरीले आणाले गेले होते ना बुवा? आली नाई?"

"नाई."

"काहून वो?"

"काम आहे तिले," मी म्हटलं. "तिचं शेत आहे तठी."

बाईला काही समजलं नाही. समजावून सांगायला मी थकलो होतो. घरी पोचलो. जाताना कुलूप मीच लावून गेलो होतो, मीच उघडलं.